महिन्याभराची पावणी

शहात्तर सालच्या चैत्रात कातरवाडीच्या चावडीवर बैठक बसली. वाईच्या वरच्या अंगाला धरण होत होतं आणि तिथली बुडणारी गावं सरकार खाली उठवून आणत होतं. त्यातली काही घरं कातरवाडीच्या वाट्याला आली होती. माळावर त्यांच्यासाठी पत्र्याची शेडं व्हायची होती, पण नुसते खांब उभे राहिले होते. पत्रा अजून आलाच नव्हता.

सरपंच आप्पासो म्हणाले, "एक महिन्याचा परश्न हाय. एका घरानं एक कुटुंब घ्यावं. महिन्यानं शेडं व्हतील, मग त्यांचं ते जातील."

बैठकीतली माणसं आपापल्या वहाणांकडं बघत राहिली. पाणी आपल्यालाच पुरत नाही, त्यात दुसऱ्याला कुठं पुरवणार, हे प्रत्येकाच्या मनात. तेवढ्यात मागच्या बाजूनं नाथाजी उठला. पलटणीतून हवालदार होऊन आलेला माणूस, बैठकीत फारसं बोलायचा नाही. तो म्हणाला, "माझ्याकडं एक खोली हाय. म्या घेतो."

घरी येऊन त्यानं बायकोला, अंबूबाईला, एवढंच सांगितलं, "फाळणीच्या वक्ताला म्या अमृतसरला व्हतो. घर सुटल्यालं माणूस कसं दिसतं ते म्या बगितलंय." मग टोपी खुंटीला अडकवली आणि जेवायला बसला. अंबूबाईनं दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत ती खोली झाडून सारवून घेतली. तिच्यात कडब्याच्या पेंढ्या आणि मोडका पाळणा होता, ते सगळं माडीवर टाकलं.

ट्रक भर दुपारी आला. त्यातून राहीबाई आणि तिचा नवरा मानसिंग उतरले. त्यांचा एकुलता मुलगा आकाराम माधवनगरच्या मिलमध्ये कामाला होता, त्यामुळं दोघंच होती. ट्रकमधून नांगर उतरला, भाताच्या कणग्या उतरल्या, एक म्हैस उतरली, आणि शेवटी एक दार उतरलं. मानसिंगनं घराचं फणसाचं दार चौकटीसकट काढून आणलं होतं. चार गड्यांनी ते उचलून नाथाजीच्या भिंतीला टेकवलं.

राहीबाई अंबूबाईच्याच वयाची, अंगानं काटक, समोरचा एक दात पडलेला. तिनं हातपाय धुतले, पाणी प्याली, आणि पहिलं काय विचारलं तर, "नदी कुनीकडं हाय, बाई?"

"वढा हाय," अंबूबाई म्हणाली. "पर त्याला पाणी पावसाळ्यातच."

राहीबाई "बरं" म्हणाली आणि म्हशीकडं बघत राहिली. जन्मभर डोहात डुंबलेली ती म्हैस दगडी डोणीतल्या वीतभर पाण्यात तोंड घालून उभी होती.

पहिले आठ-पंधरा दिवस अवघड गेले. त्या लोकांना भाताची सवय. ज्वारीची भाकरी त्यांच्या घशाखाली उतरेना. राहीबाई धुणं धुताना विहिरीवर बादल्यांवर बादल्या ओतायची, आणि अंबूबाईचा जीव वरखाली व्हायचा. एक दिवस न राहवून ती म्हणाली, "राहीबाई, हितं पाणी तुपावानी वापरत्यात." राहीबाई ओशाळली. दुसऱ्या दिवसापासून तिनं भांडी राखेनं कोरडी घासायला सुरुवात केली, इतकी कोरडी की अंबूबाईलाच हसू आलं. दोघी हसल्या. त्या हसण्यानंतर 'बाई' गेलं आणि 'आक्का' आलं. अंबूबाई तिला राहीआक्का म्हणू लागली आणि ती हिला नुसतं अंबू.

अंबूबाईचं घर म्हणजे गड्यांचं घर. सासू जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी नव्हती. नवरा आणि मुलगा दादासो दोघंही कामाचे, पण त्यांचं बोलणं म्हणजे बैल, इंजिन आणि पाऊस. बोललेलं ऐकायला घरात बाईमाणूस नसणं म्हणजे काय, हे अंबूबाईला तोवर ठाऊकच नव्हतं. माणूस अंधारात राहिला की त्याला अंधार कळत नाही, तसं. आता दोघी जात्यावर समोरासमोर बसायच्या. राहीबाई बोलत सुटायची. त्यांच्या वाकण गावच्या आंब्यांची नावं, कुठल्या दगडाखाली खेकडी सापडतात, लग्नात आपण कशा होडीतून उतरताना पाण्यात पडलो, काय वाटेल ते. अंबूबाई ऐकायची, आणि मग हळूहळू तीही बोलायला लागली. पलटणीतून नवऱ्याचं पत्र येत नव्हतं ती वर्षं, दादासोच्या आधी गेलेली दोन लेकरं, असं कधी कुणाला न सांगितलेलं तिनं राहीबाईला सांगितलं.

आषाढात अंबूबाईला हिवताप आला. अंग असं भाजत होतं की चूल पेटवायला उठली आणि तिथंच बसली. राहीबाईनं तिला धरून अंथरुणावर निजवलं. जपून ठेवलेल्या तांदळाची पेज केली, मीठ घालून वाटीत आणली, आणि डोकं मांडीवर घेऊन पाजली. लग्न झाल्यापासून अंथरुणात बसून दुसऱ्याच्या हातचं खायची अंबूबाईची ती पहिलीच वेळ. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"काय झालं गं? लय दुकतंय का?"

"न्हाई," ती म्हणाली. "पेज खारट झालीया."

"गप खा मग," राहीबाई म्हणाली.

महिना कधीच उलटून गेला होता. पत्रा आला नाही, मग आला तर ठेकेदार गायब झाला. गावातल्या इतर घरांतून कुरबुरी सुरू झाल्या. कुणी आपले पावणे देवळात नेऊन ठेवले. नाथाजीनं मात्र तोंडातून शब्द काढला नाही. संध्याकाळी तो आणि मानसिंग कट्ट्यावर बसायचे. मानसिंग शेतातली कामं सांगितल्याशिवाय करायचा. विहिरीखालच्या पट्टीत त्यानं बांध घातले ते बघायला गाव आलं होतं. दादासोलाही त्याचा लळा लागला होता. मामा, मामा म्हणून त्याच्या मागं फिरायचा.

श्रावणात खबर आली की वाकण पाण्याखाली गेलं. सांगणारा माणूस म्हणाला, देवळाचा कळस तेवढा दोन दिवस दिसत होता, आता तोही दिसत नाही. राहीबाई दळत होती. तिचा हात थांबला नाही. जातं रिकामंच फिरू लागलं, दगडाला दगड घासल्याचा आवाज यायला लागला, तरी ती फिरवतच राहिली. अंबूबाई समोर येऊन बसली. तिनं खुंट्याला हात लावला आणि मूठभर ज्वारी आत टाकली. मग दोघींनी मिळून घरातली होती नव्हती तेवढी सगळी ज्वारी दळून काढली. पीठ आठवडाभर पुरलं.

फाल्गुनात मोजणीदार साखळी घेऊन आले. धरणाचा पाट कातरवाडीवरून जाणार होता, तेव्हा ज्याची जमीन ठरल्यापेक्षा जास्त त्यानं जास्तीची सोडायची आणि ती धरणाखाली गेलेल्यांना मिळायची, असा कायदा होता. कायदा सगळ्यांना ठाऊक होता. पण आपला कुठला तुकडा जाणार हे साखळी पडेपर्यंत कुणालाच ठाऊक नव्हतं. नाथाजीची विहिरीखालची पट्टी गेली. विहीर त्याची राहिली, पट्टी गेली. सगळ्या माळरानात तेवढीच काय ती काळी जमीन होती.

मग चावडीवर चिठ्ठ्या टाकल्या. कुणाला कुठला तुकडा ते नशिबावर. विहिरीखालच्या पट्टीची चिठ्ठी मानसिंगच्या नावानं निघाली.

नाथाजी तिथंच उभा होता. तो तसाच घरी आला. त्याच्या मागून बऱ्याच वेळानं मानसिंग आला आणि उंबऱ्याच्या बाहेर पायरीवर बसला. आत आला नाही.

"नाथाजीराव," तो म्हणाला, "म्या दुसरा तुकडा मागतो. ही चिठ्ठी नगं म्हणून सांगतो सायबाला."

"दुसरा कवा मिळंल?"

नगं म्हणणाऱ्याचं नाव शेवटाला जातं आणि शेवटाला काही उरत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"तुमी न्हाई घेतला तर दुसरा कुनीतरी घील," नाथाजी म्हणाला. "जमीन काय मला माघारी मिळत न्हाई. तवा घ्या तुमी. माजी ना न्हाई." मग तो म्हणाला, "पर पावणं, माझ्या घरात ऱ्हाऊन माजी जमीन कसू नगा. तेवढं मला बगवायचं न्हाई."

अंबूबाई चुलीपाशी होती. राहीबाई तिच्या शेजारीच भाकरी थापत होती. हातातली भाकरी तिनं तव्यावर टाकली, भाजली, पापुद्रा सुटेपर्यंत उलटी करून फुगवली. मग उठून खोलीत गेली आणि कपड्यांचं गाठोडं बांधायला लागली.

शेडं तोवर कशीबशी उभी राहिली होती. माळावर झाड म्हणून नव्हतं. मानसिंगनं फणसाचं दार तिकडं नेलं, पण ते शेडाच्या भिंतीपेक्षा उंच झालं. खाली खणून, चौकट जमिनीत गाडून त्यानं ते बसवलं.

गोष्ट एवढ्यावर राहिली असती तर काळानं भरूनही निघाली असती. पण दादासोचं लग्न वडूजच्या बाजूला ठरलं होतं. मुलीच्या बापानं पट्टी गेल्याचं ऐकलं आणि मध्यस्थाकडून निरोप पाठवला, की नुसत्या माळावर आमी पोरगी देत न्हाई. दादासो दोन दिवस घरात बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं विहिरीवरचं पाणी उपसायचं इंजिन सोडून आणून गोठ्यात ठेवलं. मानसिंगला विहिरीचं पाणी मिळायचं बंद झालं.

"अरं, त्या माणसानं काय केलं तुजं?" अंबूबाई म्हणाली.

"आपन सोता घरात घेतला, आई. खाऊ घातलं. आता गाव हसतंय आपल्याला. तू त्या माळाला गेलीस त्या दिसापास्नं म्या ह्या घरात जेवायचा न्हाई."

बोलल्याप्रमाणं करणारं पोरगं होतं. एकदा अंबूबाई ताकाची कासंडी घेऊन माळाकडं जाताना त्यानं बघितली, तर सलग तीन दिवस अन्नाला शिवला नाही. भर उन्हात नांगर धरत होता आणि नुसतं पाणी पीत होता. चौथ्या दिवशी अंबूबाईनं त्याच्यापुढं ताट ठेवून सांगितलं, जात न्हाई म्या. जेव.

आणि ती गेली नाही. वाटेत कुठं गाठ पडली तर दोघी थांबायच्या. राहीबाईच्या डोक्यावर दुरून आणलेली घागर असायची. "बरं हाय न्हवं?" ही म्हणायची. "बरं हाय," ती म्हणायची. वर्षभर एका जात्यावर बसलेल्या बायकांचं एवढंच बोलणं उरलं. वैशाखात त्या पत्र्याखाली माणसं शिजत होती. मानसिंगचं पेरलेलं गुडघ्याएवढं होऊन वाळलं. म्हैस मेली.

पुढचा पावसाळा जेमतेम लागला होता तेव्हा एके सकाळी मानसिंग दारात आला. अंगणाच्या कडेला उभा राहिला. अंबूबाई एकटीच घरात होती, दादासो आणि नाथाजी गोठ्यात होते.

"तिचं डोळं पिवळं झाल्यात," तो म्हणाला. "अन्न ऱ्हात न्हाई पोटात. रातभर तुजं नाव घेत व्हती. यिऊन गेलीस तर बरं व्हईल."

अंबूबाईनं गोठ्याकडं बघितलं. "तुमी व्हा म्होरं," ती म्हणाली. "ह्यांची न्ह्यारी करून येते."

तिनं न्याहारी केली. गडी रानात गेले. मग तिनं सांडगा तळला, कारण राहीबाईला सांडगा आवडायचा. आणि भात लावला, कारण आजारी माणसाला मऊ भात लागतो. कोठीत तांदूळ नव्हता, तो शेजारून मागून आणला. भात शिजेपर्यंत ती चुलीपाशी बसून राहिली. दादासो न जेवता राहील तर राहो, असं मनाशी ठरवायला तिला तेवढा वेळ लागला. डबा पदराखाली धरून ती माळावर पोचली तेव्हा उन्हं कलायला लागली होती.

फणसाच्या दाराला कुलूप होतं. शेजारच्या शेडातली बाई म्हणाली, "आकाराम आलता. सांगलीला दवाखान्यात न्हेतो म्हणून घिऊन गेला दुपारच्या गाडीनं. तुमची वाट बगून गेली हो ती. गाडीला लय येळ थांबवलं तिनं."

अंबूबाई त्या दाराशी बसली. डबा उघडून बघितला. भात निवून गोळा झाला होता. तो तिनं शेजारणीच्या पोरांना दिला आणि घरी आली. त्या दिवशी ती स्वतः जेवली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. दादासोनं विचारलं नाही. पण त्यानं गोठ्यातलं इंजिन काढलं आणि विहिरीवर नेऊन बसवलं. संध्याकाळी मानसिंगच्या पट्टीत पाणी फिरलं. तिथं भिजायला पीक नव्हतं.

आठवड्यानं नाथाजीनं स्वच्छ धोतर नेसलं, पटका बांधला आणि म्हणाला, "चल. सांगलीची गाडी हाय."

माधवनगरला मिलच्या मागं चाळी होत्या. यंत्रमागांचा खडखडाट सगळीकडं भरून राहिलेला. दोघं बोलायला लागली की मोठ्यानं बोलावं लागत होतं. आकारामची खोली टोकाची. राहीबाई बाजेवर होती. आधीच काटकुळी बाई, आता बाजेवर नुसतं लुगडं टाकल्यासारखी दिसत होती. डोळे हळदीसारखे पिवळे. दवाखान्यानं घरी न्यायला सांगितलं होतं.

अंबूबाई बाजेपाशी खाली बसली. राहीबाईनं तोंड भिंतीकडं केलं.

नाथाजी दारातच उभा होता. तो मानसिंगला म्हणाला, "पट्टीला पाणी सोडलंय. कवापण या. विहीर तुमचीच समजा."

मानसिंगनं हात जोडले.

"आक्का," अंबूबाई म्हणाली, "माझ्यावर राग हाय तुजा."

"हाय," राहीबाई भिंतीकडं बघूनच म्हणाली. आवाज अगदी बारीक झाला होता. "लय हाय. लेकाला जेवायला घालत बसलीस. म्या रस्त्याकडं बगत व्हते."

अंबूबाईनं मान खाली घातली. मग तिनं उठायचं म्हणून बाजेच्या कडेला हात टेकला, तर राहीबाईनं तो हात धरला.

"जाऊ नगंस," ती म्हणाली. "राग हाय म्हणून जायाचं व्हय? बस अजून."

अंबूबाई बसली. गाडीची वेळ झाली, टळली. नाथाजीनं एकदाही आठवण केली नाही. तो बाहेर नळाच्या कट्ट्यावर बसून राहिला. राहीबाई मध्येच डोळे मिटायची, मध्येच बोलायची. दादासोचं जमलं का, विचारलं. न्हाई अजून, अंबूबाई म्हणाली. "जमंल," राहीबाई म्हणाली, "पोरगं गुणाचं हाय." शेवटच्या गाडीला दोघं निघाली. पुढच्या आठवड्यात परत येते, असं अंबूबाई सांगून आली.

पण पुढच्या आठवड्यात बुधवारी मानसिंगच कातरवाडीत आला. डोक्याचे केस उतरवलेले. तो अंगणात आला आणि त्याला बघून अंबूबाईनं खांब धरला. नाथाजीनं पुढं होऊन त्याला हाताला धरून सोप्यात बसवलं. दादासोनं तांब्या भरून आणून त्याच्यापुढं ठेवला आणि मामाच्या पायाशी खाली बसला. मामा त्याच्या डोक्यावर हात ठेवून तसाच बसून राहिला. रडताना पोराची पाठ हलत होती.

जेवायला वाढलं, मानसिंग जेवला. शेडातलं सामान वसाहतीतल्यांनी वाटून घ्यावं, असं त्यानं सांगितलं. पट्टी कोण कसणार, असं नाथाजीनं विचारलं तेव्हा म्हणाला, "आकाराम मिलमधनं सुटायचा न्हाई. आनि माझ्यानं एकट्यानं काय व्हतंय? पडूं दे."

"आजचा दिस ऱ्हावा," नाथाजी म्हणाला. "खोली तशीच हाय."

"न्हाई, नाथाजीराव. त्या खोलीत एकट्याला झोप लागायची न्हाई."

अंबूबाई त्याला स्टँडवर घालवायला गेली. गाडी यायची होती. पिंपळाच्या पारावर दोघं बसली. मानसिंग आपल्या रिकाम्या पिशवीच्या बंदाशी चाळा करत होता.

"शेवटच्या दिसाला लय तरास झाला तिला," तो म्हणाला. "घरला न्या, घरला न्या, एवढंच. म्या म्हणलं, अगं, वाकण पाण्यात गेलं, घर न्हाई आता. तर चिडली माझ्यावर. म्हणली, वाकणचं कोन म्हणतंय? अंबूकडं न्या."

गाडी आली. मानसिंग चढला, खिडकीपाशी बसला. अंबूबाईनं त्याच्या हातात शेंगांची पिशवी दिली, आणि गाडी सुटली.

घरी आल्यावर नाथाजीनं विचारलं, "काय म्हणलं का पावणं?"

"न्हाई," अंबूबाई म्हणाली. "काय न्हाई."

तिनं ते त्याला कधीच सांगितलं नाही. खोली द्यायला चावडीवर उठून उभा राहिलेला माणूस तो, आणि माझ्या घरात राहून माझी जमीन कसू नका म्हणणाराही तोच. त्याला ते सोसलं नसतं. ती आत गेली, आणि संध्याकाळच्या भाकरीसाठी परातीत पीठ काढून बसली.